एरंडेलाचा हात

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. दिसायला मी तसा वाटत नाही. नऊ फूट उंच, अंगानं सरळसोट, स्टेनलेस स्टीलचा, मुठीत मावेल एवढा जाड. मला पाहून कोणी म्हणणार नाही की ह्याच्या पोटात गोळा येत असेल. पण येतो. सकाळी पहिलं माणूस मला हात लावतं तेव्हा येतो, आणि शेवटचं माणूस सुखरूप खाली उतरेपर्यंत जात नाही.

बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात एका शिंप्याच्या दुकानावर व्यायामाची एक खोली आहे. तिथे उभा असलेला जुना पोल तो मी. माझ्यावर चढून, लटकून, गिरक्या घेऊन माणसं अंगात ताकद आणतात. त्या व्यायामाला पोल डान्स म्हणतात. नाव ऐकून काही जण हसतात, काही जण तोंड फिरवतात. फिरवोत बापडे. मला भीती एकाच गोष्टीची वाटते, माझ्यावरून माणूस पडण्याची.

जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो बरं का. माझा जन्म बोम्मसंद्र्यातल्या एका शेडमध्ये झाला. तिथे जिन्यांचे कठडे बनायचे, दवाखान्यातल्या खाटा बनायच्या. पोल म्हणून बनलेला मी पहिलाच. मला घडवलं देवाप्पांनी. ते मूळचे निपाणीकडचे. घरी मराठी बोलायचे, शेडमध्ये कानडी, आणि चिडले की दोन्ही. त्यांनी मला तीनदा पॉलिश केलं. दर वेळी डोळे मिटून माझ्यावरून तळवा फिरवला, कुठे कणभर खरखर राहिली आहे का ते पाहायला. माझ्या पायाशी त्यांनी दोन छोटे स्क्रू बसवले. ते आवळले की मी जागचा हलत नाही, सैल केले की गोल फिरतो. नवशिक्या माणसासाठी ते आवळलेलेच हवेत, हे त्यांनी मला घ्यायला आलेल्या माणसाला चारदा सांगितलं. त्याचं लक्ष फोनमध्ये होतं.

मला पाठवण्याआधी देवाप्पा स्वतः मला लटकले. त्यांचं वजन नव्वद किलो. शेडमधले सगळे हसत होते. "स्वल्प वजन आहे माझं, बघू तरी," असं म्हणून त्यांनी पाय वर घेतले. मी इंचभरही वाकलो नाही. "सरी," म्हणजे कानडीत ठीक, असं ते म्हणाले आणि माझ्या अंगावर थोपटलं. त्या दिवशी मला वाटलं होतं, आपण कोणालाही धरून ठेवू शकतो. किती मूर्ख होतो मी.

मला घेऊन गेली व्हाइटफील्डमधली एक मोठी जिम. आता ती राहिलेली नाही. तिथे मला आरशांच्या कोपऱ्यात उभं केलं आणि माझ्यावर गुलाबी दिवे सोडले. लोक यायचे, मला एका हातानं धरून फोटो काढायचे आणि निघून जायचे. कौतुक खूप झालं माझं. पण शिकवायला कोणी नव्हतं, खाली गादी नव्हती, आणि रोज सकाळी फरशी पुसणारा माणूसही मला पुसत नव्हता. मीही त्या कौतुकानं इतका फुगलो होतो की ह्यातलं काही माझ्या ध्यानात आलं नाही.

एका सकाळी मनस्विनी नावाची मुलगी आली. आय.टी.त नोकरीला असेल, तेविशीची. तिची ऑफिसची कॅब खाली उभी होती आणि ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. तिचा तो दुसराच दिवस. आंघोळ करून, अंगाला लोशन लावून ती आली होती. तिच्या हातापायांना गुलाबाचा वास येत होता. तो वास मला आवडला होता, हे सांगताना आजही लाज वाटते. फोनवर तिनं एक व्हिडिओ पाहिला, मला पकडलं आणि पाय वर टाकून उलटी लटकली. एक क्षण सगळं ठीक होतं. मग तिचे तळवे माझ्यावरून सरकायला लागले. मी जागच्या जागी घट्ट उभा होतो, देवाप्पांनी केलं होतं तसाच, आणि तरी ती माझ्या अंगावरून निसटत होती. ती खांद्यावर पडली. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तो आवाज लहानसाच होता, पण माझ्या कानांतून तो अजून गेलेला नाही.

जिमवाल्यांनी दोष मला दिला. मला उपटून कोठीच्या खोलीत टाकलं, मोडक्या सायकली आणि फुटक्या आरशांच्या शेजारी. मला पुसायचंही कोणाला सुचलं नाही. त्या लोशनचे डाग दोन वर्षं माझ्या अंगावर तसेच राहिले. भीती तिथे माझ्या अंगात शिरली, मित्रांनो, आणि मुरली. पुन्हा कोणाचा हात आपल्याला लागू नये, एवढंच मी मागायचो.

पण जिम बंद पडली. सामान उचलायला जे आले त्यांत देवाप्पा होते. त्यांनी मला ओळखलं. माझ्या अंगावरच्या डागांवरून बोट फिरवून त्यांनी दोन्ही भाषांत शिव्या हासडल्या आणि मला घेऊन थेट कावेरीकडे आले.

कावेरी त्यांच्याच गावाकडची. ती शाळेत जिम्नॅस्टिक्स शिकवायची आणि नुकतीच तिनं ही खोली भाड्यानं घेतली होती. ती बोलायला मऊ, पण नियमांच्या बाबतीत अगदी खाष्ट. वरच्या स्लॅबमध्ये चार बोल्ट ठोकून घेताना तिनं देवाप्पांना सळो की पळो करून सोडलं. दर सहा महिन्यांनी येऊन बोल्ट तपासायचे, असं वचन घेतलं. मग तिनं खोलीचे कायदे ठरवले. वर्गाच्या दिवशी अंगाला तेल नाही, लोशन नाही. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र सगळं डब्यात. आधी मनगटं, खांदे आणि पाठ गरम करायची, मगच मला हात लावायचा. माझ्याखाली वीतभर जाडीची गादी. नवीन माणूस माझ्यावर असलं की कावेरी हातभर अंतरावर उभी. आणि प्रत्येकानं चढण्याआधी मला स्पिरिटच्या फडक्यानं वरपासून खालपर्यंत पुसायचं, आधीच्यानं पुसलेलं असलं तरी. पहिल्यांदा तिनं मला पुसलं तेव्हा त्या दोन वर्षांच्या डागांनी फडकं काळं झालं. मला रडू आलं असतं, पण मी पडलो स्टीलचा.

मग हेमलता आली. तिच्याबद्दल सांगायचं म्हणूनच मी एवढं बोलतोय.

हेमलता सत्तेचाळीस वर्षांची. मूळची मिरजेची, बंगळुरूत येऊन वीस वर्षं झालेली. एका सरकारी संशोधन संस्थेत ती इंजिनीअर आहे आणि कुठला धातू किती वजनाला तुटतो हे तपासणं हेच तिचं काम. तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या जिन्यावरून ती पडली आणि तिचं डावं मनगट मोडलं. तेव्हाच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की तिची हाडं वयाच्या मानानं पातळ व्हायला लागली आहेत. आता पडायचं नाही, आणि पडू नये म्हणून बसूनही राहायचं नाही, हाडांवर भार येईल असा व्यायाम करायचा. पण त्यानंतर तिनं जिन्याचा धसकाच घेतला. एक मजला असला तरी ती लिफ्ट शोधायची. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी कठडा दोन्ही हातांनी धरून ती वर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

कावेरीनं आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. हेमलतानं ती आणली, आणि उलट कावेरीला विचारलं की वरचे बोल्ट किती जाडीचे आहेत आणि स्लॅबमध्ये किती खोल गेले आहेत. मग पर्समधून कागद काढून तिनं गणित मांडलं, दोनदा तपासलं, आणि तेव्हा कुठे मला एक बोट लावलं. इतकी भित्री बाई मला कधी भेटली नव्हती. मला ती फार आवडली.

सलवार घालूनच करते म्हणाली. कावेरीनं समजावलं की कापड सरकतं, कातडी धरते, म्हणून पँट आखूड लागते, त्यात मिरवण्याचा भाग नाही. हेमलतानं मान डोलावली आणि पुढचे चार वर्ग सलवारच घालून आली. पाचव्या वर्गाला तिनं दार लावून घ्यायला लावलं, शिंप्याच्या दुकानाकडची खिडकी बंद करायला लावली आणि मगच सलवार उतरवून आतल्या आखूड पँटवर उभी राहिली.

दीड महिना कावेरीनं तिला वर चढूच दिलं नाही. मला धरून चालायचं, हातांवर थोडं वजन टाकायचं, पुन्हा पाय जमिनीवर. उजवीकडून केलं की तेवढंच डावीकडून. आणि रोज, न चुकता, खाली कसं उतरायचं ह्याचा सराव. बुटक्या स्टुलावर उभं राहून मांड्यांनी मला आवळायचं आणि हात सुटले असं समजून पायांवर अंग तोलत हळूहळू खाली यायचं. हेमलता एकदा वैतागली. चढायचं शिकवायचं सोडून ही मला रोज खालीच काय आणते, असं म्हणाली. "उतरणं आधी, अक्का," कावेरी म्हणाली. "चढणं कुठं पळून जातंय?"

ह्या सरावानं तिच्या पोटऱ्यांवर आणि दंडांवर काळेनिळे डाग उठले. सुरुवातीला ते उठतातच, आठवड्याभरात जातात. पण घरी ते तिच्या वडिलांनी पाहिले. अप्पासाहेब अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बायको गेल्यापासून लेक आणि जावई मकरंद ह्यांच्याकडे राहतात. लेकीच्या दंडावर डाग पाहून त्यांचा चेहराच उतरला. कोणी मारलं का, असं त्यांनी तिला आडून आडून विचारलं. हेमलताची ततपप झाली. पोल डान्स हे शब्द वडिलांसमोर तिच्या तोंडून फुटेनात. ती म्हणाली, "मल्लखांब शिकतेय, अप्पा."

हे तिनंच कावेरीला सांगितलं, माझ्या पायाशी बसून, पाणी पिता पिता. मकरंदला सगळं माहीत होतं आणि तो रोज म्हणायचा की खरं काय ते सांगून टाक. पण आता कसं सांगू, असं ती म्हणाली. अप्पासाहेबांनी मिरजेच्या तालमीत पस्तीस वर्षं पोरांना मल्लखांब शिकवला होता. लहानपणी हेमलता त्यांचा टॉवेल घेऊन तालमीच्या दाराशी उभी राहायची आणि पोरं सरसर चढताना बघायची. एकदा तिनं मलाही चढू द्या म्हणून विचारलं. मुलीच्या जातीनं हातपाय मोडून घ्यायचे नसतात, असं म्हणून त्यांनी तिला घरी पाठवलं. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. आणि परवा तिच्या तोंडून मल्लखांब ऐकल्यावर ते खुर्चीत सावरून बसले. मग त्यांनी एवढंच विचारलं, लाकूड कोणतं? स्टीलचा आहे, इकडे तसाच असतो, असं तिनं ठोकून दिलं. इतकी वर्षं धातूंचे खरे आकडे लिहिणारी बाई ती, पण त्या दिवशी तिनं माझं नावच बदललं. अप्पासाहेबांना ते पटलंही. बंगळुरूचे लोक काय, कशाचंही स्टील करतील.

मला वाटलं, असेल एक लहानसं खोटं, कोणाचं काय बिघडलं? भित्रा असून मला एवढी साधी भीती वाटली नाही.

मग दसरा आला. नवमीला बंगळुरूत आयुधपूजा असते, तुम्हाला माहीतच असेल. त्या दिवशी रिक्षांना केळीचे खुंट बांधतात, बसना झेंडूच्या माळा घालतात आणि प्रत्येक दारापुढे कुंकू भरलेला कोहळा फोडतात, की चाकं त्या फोडींवरून घसरतात. कावेरीनं सकाळीच मला स्पिरिटनं नखशिखान्त पुसलं. गादी बाजूला सारून रांगोळी काढली. माझ्या कमरेशी झेंडूचा हार बांधला आणि त्याच्या खाली हळदीकुंकू लावलं. हेमलता आली ती वडिलांना घेऊन. दोन आठवड्यांपूर्वी ती पहिल्यांदा तीन पकडी वर चढली होती, आणि आज ते वडिलांना दाखवायचं तिनं ठरवलं होतं. जिना ती कठडा न धरता चढली. अप्पासाहेब तिच्या मागून आले, एक हात गुडघ्यावर ठेवून. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात जोडले.

पूजा झाली. कापूर, उदबत्ती, नारळ सगळं झालं. मग कावेरी आणि हेमलता कोहळा फोडायला आणि गाडीला हार घालायला खाली गेल्या. अप्पासाहेबांचे गुडघे दुखत होते, ते वर थांबले. खोलीत ते आणि मी.

ते उठले. पूजेसाठी मांडलेलं बुटकं स्टूल त्यांनी माझ्याजवळ ओढलं आणि त्यावर चढले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, दुखरे गुडघे, खाली गादी नाही. पण त्यांनी एका हातानं मला असं सहज धरलं की मला कळलं, ह्या हाताला खांबाची सवय आहे. मग त्यांनी खिशातून एक छोटी बाटली काढली. बूच उघडलं. तो वास मला ठाऊक नव्हता, जड, उग्र, चिकट. तळव्यावर त्यांनी ते ओतलं, आणि मला चोळायला सुरुवात केली.

एरंडेल होतं ते, मित्रांनो. मल्लखांब लाकडाचा असतो. त्याच्या अंगावर एरंडेल चोळावंच लागतं, नाहीतर खेळणाऱ्याची कातडी सोलवटून निघते. दसऱ्याला तालमीत मल्लखांबाची पूजा झाली की वस्ताद स्वतः त्याला एरंडेलाचा हात देतो. पस्तीस वर्षं अप्पासाहेबांनी हेच केलं होतं. ते मला लेकीचा मल्लखांब समजत होते.

मी काय सांगू तुम्हाला. मला ओरडायचं होतं. बाबा, मी तो नव्हे! लाकूड तेल पितं, मी एक थेंबही पीत नाही. माझ्यावर पडलेलं तेल माझ्यावरच राहतं. पण मला तोंड कुठे आहे? ते चोळत राहिले, आपल्या छातीच्या उंचीपासून वर हात पोचेल तिथपर्यंत. हार आणि कुंकू होतं तेवढा खालचा भाग त्यांनी सोडला. मध्येच तळव्याकडे पाहून ते पुटपुटले की तेल मुरत कसं नाही. मग माझ्यावर कपाळ टेकलं. "तेव्हा मी तिला चढू दिलं नाही रे," ते हळूच म्हणाले. "आता तू सांभाळ तिला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या मायेनं मला कधी कोणी हात लावला नव्हता, आणि एवढा मी कधी घाबरलो नव्हतो. ते उतरले, हात रुमालाला पुसले, स्टूल जागेवर ठेवलं आणि शहाण्यासारखे खुर्चीत जाऊन बसले.

दोघी वर आल्या. कावेरीनं रांगोळी पुसली, गादी ओढून माझ्याखाली नीट सरकवली, स्क्रू आवळले, मला दोनदा हिसडून पाहिलं. हार काढला. कुंकवाचा भाग फडक्यानं पुसला. वरही पूस, वरही पूस, असा माझा नुसता आकांत चालला होता. तिचा हात वर यायला निघाला आणि थांबला. सकाळीच तर आपण पुसलंय, त्यानंतर कोणी चढलेलं नाही, असं तिला वाटलं असणार. खोलीत कापराचा आणि उदबत्तीचा वास भरला होता, त्यात एरंडेलाचा वास लपून गेला. स्वतःचा कायदा कावेरीनं त्या दिवशी पहिल्यांदा मोडला, आणि तिला पुसताना पाहून हेमलतानंही फडकं उचललं नाही.

हेमलतानं बांगड्या आणि मंगळसूत्र डब्यात ठेवलं. मनगटं फिरवली, खांदे फिरवले. सलवार उतरवून आखूड पँटवर आली आणि वडिलांकडे न बघता माझ्यासमोर उभी राहिली. अप्पासाहेब खुर्चीत पुढे सरकले. कावेरी हातभर अंतरावर.

पहिली पकड कोरड्या भागावर पडली. तिनं पाय उचलले, पोटऱ्यांनी मला आवळलं आणि अंग वर सारलं. दुसरी पकड कडेला पडली, थोडी कोरडी, थोडी तेलकट. तिच्या कपाळाला आठी पडली, पण वडील बघत होते ना. तिसऱ्या पकडीला तिनं उजवा हात लांब करून वर नेला, आणि मागोमाग डावा. तेच ते मोडलेलं मनगट.

दोन्ही हात एकदम सुटले. माझ्या कानांत मनस्विनीच्या हाडाचा आवाज वाजला. हेमलताचं अंग मागे कलंडलं, छताकडे तोंड, केस लोंबकळलेले. पण तिच्या मांड्या, मित्रांनो! त्या माझ्या कोरड्या भागावर होत्या आणि त्या सुटल्या नाहीत. दीड महिना रोज, वैतागून का होईना, त्यांनी जे गिरवलं होतं तेच त्यांनी केलं. मला आवळून धरलं. कातडी चरचरत ती माझ्यावरून खाली घसरली, पण हळू घसरली, आणि तेवढ्यात कावेरीचे दोन्ही हात तिच्या पाठीखाली पोचले. ती गादीवर बसत्या स्थितीत आली आणि डावा हात थोडा खाली टेकला. बस्स, एवढंच.

कावेरीनं तिची मान, पाठ, मनगट सगळं चाचपून पाहिलं आणि हलू नको म्हणाली. हेमलतानं स्वतःचे तळवे पाहिले, ते चमकत होते. अप्पासाहेब कसे उठले कोण जाणे, ते गादीवर गुडघे टेकून बसले होते. त्यांनी लेकीचा हात हातात घेतला, नाकाजवळ नेला. तो वास ते ओळखणार नाहीत असं कसं होईल?

"तेव्हा तुला चढू दिलं नाही," ते म्हणाले, "आणि आज मीच तुला पाडलं."

हेमलतानं मान हलवली. तिला रडू फुटलं होतं, पण बोलली ती स्पष्ट बोलली. "तुम्ही नाही पाडलं, अप्पा. मी तुम्हाला खोटं सांगितलं. हा मल्लखांब नाही. ह्याला पोल म्हणतात. मी पोल डान्स शिकते."

खाली रस्त्यावर कोणीतरी कोहळा फोडला. अप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीच्या काळ्यानिळ्या गुडघ्यांकडे पाहिलं. आता हे तोंड फिरवणार, असं मला वाटलं. हेमलतालाही तेच वाटलं असावं, कारण तिनं कडेला काढून ठेवलेली ओढणी पायांवर ओढून घेतली. त्यांनी ती ओढणी तशीच राहू दिली आणि वस्तादानं विचारावं तसं विचारलं, "मग ह्याला काय लावतात?"

"काही नाही, अप्पा. ह्याला कोरडा ठेवतात."

हाड मोडलं नव्हतं. मनगट मुरगळलं होतं. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली आणि तिच्या पायांच्या ताकदीचं कौतुक केलं. कावेरीनं मात्र स्वतःला माफ केलं नाही. आता माझ्याजवळच्या भिंतीवर तिनं मोठ्या अक्षरांत मराठीत आणि कानडीत लिहून लावलं आहे की चढण्याआधी पूर्ण पुसा, देवानं पुसलं असलं तरी.

एरंडेल काही लवकर जात नाही. स्पिरिट झालं, साबणाचं पाणी झालं, पुन्हा स्पिरिट झालं. दोन दिवस चालू होतं ते. पुसत कोण होतं? अप्पासाहेब. स्टुलावर त्यांना कावेरीनं चढू दिलं नाही, वरचं तिनं केलं, खालचं त्यांनी. पुसून झालं की ते माझ्यावरून तळवा फिरवायचे, डोळे मिटून, आणि तळव्याचा वास घ्यायचे. देवाप्पांनंतर असं मला कोणी तपासलं नव्हतं.

चौथ्या शनिवारी हेमलता पुन्हा आली. आता दर शनिवारी अप्पासाहेबही तिच्याबरोबर येतात. परवा जिन्यात शिंप्यानं त्यांना विचारलं, वर काय शिकते तुमची मुलगी? ते थांबले, दम घेतला आणि म्हणाले, "पोल डान्स." पहिल्यांदाच म्हणत होते, म्हणून जरा जोरातच म्हणाले. ते मला वरपर्यंत ऐकू आलं. हेमलतालाही आलं. ती माझ्यासमोर उभी होती, मनगटं फिरवत.

मित्रांनो, माझी भीती गेलेली नाही. ती तिसऱ्या पकडीला हात वर नेते तेव्हा अजूनही माझ्या पोटात गोळा येतो, आणि तिच्याही येत असणार. येऊ दे. तुम्हीही माझ्यासारख्या कोणावर चढणार असाल तर जरूर चढा, पण आधी उतरायला शिका. एकट्यानं चढू नका. मला वरपर्यंत कोरडा पुसा. आणि घरी माझं खरं नाव सांगा.